चतुर्थीचा दगड

"देवाला भितो तोही भक्त, आणि भ्यायल्यावर देवाच्या पाठीशी लपतो तोही भक्तच," मिलिंदबुवा मुळ्ये कीर्तनात सांगायचे. मग झांज एकदा हलकेच वाजवून, गालातल्या गालात हसत पुढे म्हणायचे, "पण कमरेला पिस्तूल लावून देवळात येतो, त्याला कोणत्या रांगेत बसवायचं ते तुम्हीच ठरवा."

सभामंडपात हशा पिकायचा. पेटीवर बसलेले राजाभाऊ शेट्ये त्या हशावरच पुढच्या पदाचे सूर धरायचे, म्हणजे हसून झालेले लोक आपोआप टाळ्यांच्या ठेक्यात यायचे. बुवांचा दम कुठे संपतो, स्वर कुठे पातळ होतो, हे राजाभाऊंच्या बोटांना पाठ होतं. बुवा श्वास घ्यायला थांबले तरी श्रोत्यांना कळत नसे, कारण तेवढ्या वेळापुरता पेटीचा सूर बुवांच्या जागी उभा राही. देवरुखात दोघांची घरं पाठीला पाठ लावून होती. मध्ये जास्वंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला दोघांच्या येण्याजाण्यानं पडलेलं भगदाड.

त्या वर्षी अभय नावाच्या पिस्तुलाचा कायदा आला.

त्याआधी कितीतरी वर्षं देशात वाद चालला होता. एक बाजू म्हणे, चोर दाराशी उभा असताना पोलीस येईपर्यंत घरच्यानं काय आरती म्हणायची? जीव वाचवायचा हक्क माणूस जन्मताना घेऊन येतो, तो सरकारनं द्यायचा नसतो. दुसरी बाजू म्हणे, घरात बंदूक आली की चोराच्या आधी भावाचा आणि बायकोचा जीव जातो. भांडण आहे, दारू आहे, बांधाची तेढ आहे. दोघांच्याही बोलण्यात खरं होतं, म्हणून तर वाद मिटत नव्हता. तो मिटवला एका यंत्रानं.

बुवांची मुलगी ऋजुता पुण्याला शरीरशास्त्र शिकवायची. तिनं फोनवर बापाला समजावून सांगितलं होतं.

"बाबा, माणूस चिडतो ना, तेव्हा रक्त हातांकडे धावतं. मारायला. हात तापतात, मूठ घट्ट होते. माणूस भितो तेव्हा रक्त पायांकडे जातं. पळायला. बोटं गार पडतात, तळव्याला घाम सुटतो आणि एक बारीक थरथर उठते. ती थरथर ठरवून आणता येत नाही. हृदय दोन्ही वेळेला धडधडतं, पण त्याची चाल वेगळी असते. या पिस्तुलाच्या मुठीत तिळाएवढी यंत्रं बसवलीत, ती हे सगळं क्षणात वाचतात. राग असला तर चाप जाम. दारू असली तर जाम. थंड डोक्यानं कट करून आला असेल तरी जाम. खरी भीती असेल तरच कुलूप उघडतं. नळीवर एक हिरवा ठिपका लागतो, मग गोळी सुटते."

"म्हणजे रागानं खून नाही, लोभानं खून नाही."

"नाही."

"आणि भीतीनं होतो तो?"

"तो खून नसतो, बाबा. ते रक्षण."

बुवांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुझ्या शास्त्रात काही खोट दिसत नाही गं. म्हणूनच जरा धाकधूक वाटते."

अभय दिवाळीपर्यंत बाजारात आलं. बंदूक हवी म्हणणाऱ्यांना बंदूक मिळाली, आवर हवा म्हणणाऱ्यांना आवर मिळाला. दोन्ही बाजूंनी पेढे वाटले. बुवांनी आणि राजाभाऊंनी मात्र ग्रामदेवीपुढे नारळ ठेवला आणि सांगितलं, की हे आमच्या घरात येणार नाही. परतताना राजाभाऊ म्हणाले, "मिलिंद, मला तसंही घेऊन उपयोग नाही. माझे हात बारा महिने गारच. बायको शिंकली तरी गोळी सुटेल."

कायदा करणाऱ्यांना एक गोष्ट सुचली नव्हती. चोरी करायला निघालेल्या माणसाइतकं घाबरलेलं दुसरं कोणीच नसतं. परक्या घरात, अंधारात, कानांत प्राण आणून उभा असलेला चोर, त्याची बोटं बर्फासारखी. अभय त्याच्या हातात बिनचूक उघडायचं. हिवाळ्यात पलीकडच्या वाडीत दरोडा पडला तेव्हा चोर आणि घरधनी दोघांकडे अभय होतं, दोघांची भीती अस्सल होती आणि दोघंही गेले. मग ज्यांनी घेतलं नव्हतं, तेही घ्यायला धावले.

फाल्गुनात बुवा संगमेश्वराला कीर्तन करून परतले, तर घराला आतून कडी. हाका मारून मारून दार उघडलं ते वैशालीनं, त्यांच्या बायकोनं. मागच्या अंगणात कुणाचीतरी पावलं वाजली म्हणून ती दिवेलागणीपासून देवघरात बसून होती. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"कुत्रं असेल," बुवा म्हणाले.

"असेल. कुत्रं असेल, माकड असेल." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही तिकडे शंभर लोकांना निर्भय करून येता, आणि मी इथे कडी लावून देवाच्या पाटाला धरून बसते. मला काय मिळतं त्या कीर्तनातलं?"

या प्रश्नाला कीर्तनाच्या पूर्वरंगात उत्तर होतं, पण स्वयंपाकघरात नव्हतं. बुवांनी ऋजुताला फोन लावला. आठवड्यात खोका आला.

अभय घेतलं की सराव करावा लागे. प्रत्येकाची भीती वेगळी, ती यंत्रानं ओळखायला हवी. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसानं दर महिन्याला मूठ हातात धरायची आणि फोनवर येणारा भीतीचा प्रसंग बघायचा. दार फुटतं आहे, जिन्यावर कुणी चढतं आहे, बायको किंचाळते आहे. हिरवा ठिपका लागला की सराव झाला. वैशालीचा ठिपका लगेच लागला. बुवांचा लागेना. फोनमधून गोड आवाज आला, "पुन्हा प्रयत्न करू या. आपल्या जवळच्या व्यक्तीचा विचार करा."

बुवांनी डोळे मिटले. जन्मभर त्यांनी हेच काम केलं होतं. आख्यानातला प्रसंग आधी स्वतःच्या आत उभा करायचा, मग तो श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहतो. त्यांनी देवघरात बसलेली वैशाली आठवली, तिच्या कडीवर बाहेरून पडणारा हात आठवला. बोटं गार पडली. ठिपका लागला.

पुढच्या महिन्यात तो लवकर लागला. त्याच्या पुढच्या महिन्यात मूठ धरताक्षणी. मध्येच फोनवर 'सावधान' म्हणून सूचना येत, अमुक रस्त्यावर अनोळखी गाडी, तमुक आळीत संशयित इसम. बुवा आता संध्याकाळी खिडक्यांच्या कड्या दोनदा बघत. नामाचा महिमा त्यांनी हजार वेळा सांगितला होता. पुन्हापुन्हा घेतलेलं नाम रक्तात भिनतं, मग ते घ्यावं लागत नाही, आपोआप चालतं. ही गोष्ट फक्त नामाचीच नाही, हे त्यांच्या लक्षात यायला लागलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

श्रावणात राजाभाऊ गणपतीतल्या कीर्तनांची तालीम ठरवायला भगदाडातून आले. देवघरापाशी टेकले आणि त्यांना शंखाच्या कोनाड्याखाली तो काळा खोका दिसला.

"हे काय रे?"

"वैशालीसाठी. ती एकटी असते."

"सुनीता माझी एकटी नसते काय? तुझ्याबरोबर मीही गावोगाव हिंडतोच की." राजाभाऊ उठले. "देवीपुढे नारळ आपण दोघांनी ठेवला होता. मला एका शब्दानं तरी सांगायचंस."

"काय सांगणार होतो? तू हसला असतास."

"हसलो असतो. मग तुझ्याबरोबर रडलोही असतो. त्यासाठीच असतो ना पेटीवाला?" ते भगदाडापर्यंत गेले आणि वळले. "कीर्तनाला दुसरा कुणी बघ, बुवा."

चाळीस वर्षांत राजाभाऊंनी त्यांना घरात कधी बुवा म्हटलं नव्हतं.

आता एक जुनी गोष्ट सांगायला हवी. भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र बघू नये, बघितला तर खोटा आळ येतो, असं आपल्याकडे मानतात. चुकून दिसलाच, तर उपाय आहे. शेजाऱ्याच्या छपरावर दगड टाकायचे आणि त्याच्या शिव्या खायच्या. शिव्या खाल्ल्या की आळ तिथेच फिटतो. मिलिंद आणि राजू शाळकरी होते तेव्हापासून राजूला दर चतुर्थीला चंद्र न चुकता दिसायचा. मुद्दामच बघायचा तो. मग मुळ्यांच्या पत्र्यावर खडा खण्णकन वाजायचा, आणि एरवी हरिनामाशिवाय दुसरं न बोलणारं मिलिंदचं तोंड खिडकीतून सुटायचं. "कोण तो मुडदा? मेल्या, हात झडला तुझा!" दोघांनी एक नियमही ठरवला होता. दगड टाकणाऱ्यानं आपण कोण ते सांगायचं नाही, कितीही विचारलं तरी. नाव सांगितलं की शिवी लटकी होते, आणि लटक्या शिवीनं आळ फिटत नाही. राजू कुंपणाआड तोंड दाबून हसत उभा राहायचा. पन्नाशी उलटली तरी हे चुकलं नव्हतं.

त्या वर्षीच्या चतुर्थीला देवळात दुपारचं कीर्तन झालं. बुवांनी स्यमंतक मण्याचं आख्यान लावलं. खुद्द भगवंतानं चतुर्थीचा चंद्र पाहिला, मणी चोरल्याचा आणि एका माणसाला मारल्याचा आळ त्याच्यावर आला, आणि तो धुऊन काढायला तो जगन्नायक एकटा अंधाऱ्या गुहेत उतरला. पेटीच्या जागी सूर धरणारं यंत्र ठेवलं होतं. ते सुरात कुठे चुकलं नाही, पण बुवांचा दम संपला तेव्हा तेही थांबलं, आणि सभामंडपात जी शांतता पडली ती साऱ्यांच्या कानांना कळली. बायकांच्या बाजूला राजाभाऊंच्या सुनीतावहिनी बसल्या होत्या. आरतीनंतर बुक्का लावून घ्यायला त्या पुढे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, ते घरी नुसते बसून आहेत. पेटीचा भाता उघडतात नि मिटतात. दोघांतलं कुणीतरी आधी बोला."

"बोलतो वहिनी," बुवा म्हणाले. "उद्या येतो."

संध्याकाळी पाऊस थांबला होता. वैशाली मोदकांचं ताट झाकत होती, मखरातल्या मूर्तीपुढे समई तेवत होती. बुवांचा फोन वाजला. 'सावधान. सणासुदीत दरोडेखोर सक्रिय. घरात कोण जागं आहे हे पाहण्यासाठी छपरावर दगड टाकतात. सतर्क राहा.'

थोड्याच वेळात पत्र्यावर खण्णकन आवाज झाला.

वैशालीच्या हातून झाकण पडलं. बुवांनी कधी खोका उघडला, कधी मूठ हातात आली, त्यांनाही समजलं नाही. सहा महिन्यांच्या सरावानं हाताला वाट पाठ झाली होती.

"कोण आहे?"

उत्तर नाही. मागच्या खिडकीबाहेर काळोख, आणि जास्वंदीपाशी त्याहून काळं काहीतरी.

"कोण आहे? बोला, नाहीतर..."

पुन्हा खण्ण. मग कुंपणाकडून दबका, घोगरा आवाज. खोकला, की आणखी कुणाला केलेली खूण. दुपारी दोन तास ज्यानं हेच आख्यान लावलं, त्याला ते त्या क्षणी आठवलं नाही. त्याला फक्त देवघराची कडी आठवली. बोटं गार पडली, बारीक थरथर उठली, हिरवा ठिपका लागला. यंत्र आपलं काम चोख जाणत होतं.

आवाज झाला आणि जास्वंदीची फांदी मोडली.

बॅटरीच्या उजेडात राजाभाऊ भगदाडात अर्धे इकडे, अर्धे तिकडे पडले होते. मुठीत तिसरा खडा होता. डोळे उघडे होते आणि ओठांवरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. बुवांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"राजा, अरे राजा..."

"चंद्र बघितला रे," राजाभाऊ म्हणाले. श्वास अडखळत होता. "मुद्दाम. म्हटलं, शिवी देशील. शिवी दिलीस की बोलणं सुरू होईल." मग थोड्या वेळानं, "द्यायची होतीस रे शिवी."

गाडी यायच्या आत ते गेले.

पोलिसांच्या फौजदारबाई तरुण होत्या, भल्या होत्या. पिस्तूल आपल्या यंत्राला जोडून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. बुवांना पाणी दिलं.

"बुवा, तुमच्यावर काही नाही."

"मी मारलं त्याला. हा हात, ही मूठ. लिहा ना."

"लिहिलंय. पण ते गुन्ह्यात बसत नाही. राग शून्य आहे. भीती पूर्ण. इतकी स्वच्छ नोंद मी आजवर पाहिली नाही."

"बाई, तो माझा मित्र होता."

"म्हणून तर." त्यांना बुवांच्या डोळ्यांत बघवेना. "मित्राला मारायचं तुमच्या मनात नव्हतं, हे सिद्धच झालं त्यानं. पिस्तूल परत घ्या, घरी जा."

घरी फोनवर निरोप येऊन पडला होता. 'आपण सुरक्षित आहात याचा आम्हाला आनंद आहे. अभय परिवार सदैव आपल्या पाठीशी.' पडद्यावरच्या चर्चांत आठवडाभर राजाभाऊ होते. एक बाजू म्हणाली, बघा, कायदा किती न्यायी, निरपराध माणूस तुरुंगात गेला नाही. दुसरी बाजू म्हणाली, बघा, माणूस मेला. मग दुसरीकडे दुसरं काही घडलं आणि राजाभाऊंना दोघांनीही सोडलं.

गाव बुवांना सांभाळून घेत होतं. "तुमचा काय दोष?" जो येई तो म्हणे. वाण्याच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे तेच. बुवांना वाटे, कुणीतरी एकानं थुंकावं. भगवंतावर खोटा आळ आला, तर तो धुवायला त्याला गुहा तरी मिळाली. इथे खरा दोष उरावर घेऊन माणूस दारोदार हिंडतो, आणि तो ठेवून घ्यायला एकही उंबरा तयार नाही. त्यांनी कीर्तन सोडलं. तोंड उघडलं की दम संपायचा, आणि तो सावरायला मागे सूर नसायचा.

सुनीतावहिनींकडे ते तेराव्यानंतर गेले. दार अर्धंच उघडलं.

"वहिनी, मला बोला काहीतरी. वाटेल ते बोला."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलानं आईसाठी अभय आणलं. भगदाड पत्र्याचा तुकडा ठोकून बंद केलं. वैशाली बुवांशी नीट वागे, वेळेवर ताट वाढी. पण रात्री ती कुशीवर वळून झोपे, आणि बुवांचा हात चुकून लागला तर दचके.

वर्ष फिरलं. पुन्हा चतुर्थी आली. मखर झालं, मोदक झाले, आरती झाली. अंधार पडू लागला तेव्हा बुवा कुणाला न सांगता रस्त्यानं वळसा घालून शेट्यांच्या मागीलदारी गेले. पश्चिमेला ढग फाटले होते. बुवांनी मान वर करून चंद्राकडे पाहिलं. पोटभर पाहिलं. मग वाकून खडा उचलला आणि राजाभाऊंच्या छपरावर टाकला.

खण्ण.

खिडकीत हालचाल झाली. काळोखात एक हिरवा ठिपका उगवला आणि थरथरू लागला.

"कोण आहे?" वहिनींचा आवाज दोऱ्यासारखा बारीक होता.

नियम असा, की नाव सांगायचं नाही. बुवा बोलले नाहीत. पण त्यांना वहिनींना भिववायचं नव्हतं. शिवी हवी होती, तीही खरी. ते दोन पावलं पुढे झाले, तुळशीपुढच्या दिव्याच्या उजेडात आले, उपरणं बाजूला केलं आणि हात जोडून उभे राहिले. वहिनींनी त्यांना ओळखलं. बुवांना ते लगेच समजलं, कारण ठिपका विझला. आता त्या हाताला घाम नव्हता, तो तापला होता.

खिडकीतून चाप ओढल्याचा आवाज आला. कोरडा, टक्. पुन्हा टक्. पुन्हा. यंत्र जाम झालं होतं. रागाला ते चालत नाही, आणि अभय आजही चुकलं नाही.

बुवा वाट बघत राहिले. "बोला हो वहिनी," ते पुटपुटले. "एक शिवी."

खिडकी मिटली. आतून कडी लागली.

त्याच वेळी बुवांच्या खिशातला फोन वाजला. 'सावधान. शेट्ये यांच्या घरामागे संशयित इसम. परिसरातील सर्वांनी सतर्क राहावे.' त्यांनी तो वाचला. वाचून वर पाहिलं. आळीतल्या खिडक्यांत एकेक हिरवा ठिपका लागत होता, इथे एक, तिथे दोन, पाडव्याच्या संध्याकाळी पणत्या लागाव्यात तसे. ठोकलेल्या पत्र्यापलीकडे त्यांचं स्वतःचं घर होतं. तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतही एक ठिपका होता.

"कोण आहे तिकडे?" वैशालीनं विचारलं.

नियमाला आता काही अर्थ नव्हता. या बाईच्या माथी आपल्यासारखंच ओझं यायला नको, एवढं एकच बुवांच्या मनात आलं. जन्मभर सभामंडप भरून टाकणारा आवाज त्यांनी कसाबसा गोळा केला.

"मी आहे गं. मी. मिलिंद."

तिनं आवाज ओळखला. कारण ती हळूच "अहो?" म्हणाली.

पण ठिपका विझला नाही.